कापडाची पाने : भरतकामाचा ग्रंथ बांधावा कसा, दाखवावा कसा?

१/
कागदाची पाने एकत्र शिवली की ग्रंथ होतो. पान कापडाचे असेल आणि त्यावरील मजकूर सुईदोऱ्याने लिहिलेला असेल, तर बांधणाऱ्यापुढे निराळेच प्रश्न उभे राहतात. गेल्या सुमारे साडेनऊशे वर्षांत हे प्रश्न कोणी कसे सोडवले आणि त्या प्रत्येक उत्तराची किंमत काय पडली, याविषयी हा थ्रेड.

२/
पहिला प्रश्न जाडीचा. भरतकाम केलेल्या पानाचा मधला भाग फुगतो आणि शिवणीकडची कड पातळ राहते. अशी वीसपंचवीस पाने एकावर एक ठेवली तर ग्रंथ पाचरीसारखा होतो व मिटत नाही. म्हणून जाणकार बांधणीकार प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, शिवणीच्या कडेला, कापडाची अथवा जाड कागदाची अरुंद पट्टी घालतात. पट्ट्यांमुळे पाठीची जाडी पानांच्या जाडीइतकी होते.

३/
दुसरा प्रश्न घर्षणाचा. ग्रंथ मिटला की समोरासमोरचे टाके एकमेकांवर घासतात. रेशमाचे तंतू तुटतात, जरीचा धागा शेजारच्या पानात अडकतो, मणी असतील तर त्यांचे ठसे उमटतात.

तिसरा प्रश्न पाठीचा. प्रत्येक टाक्याला मागची बाजू असते. तेथे गाठी असतात, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत ओढलेले दोरे असतात, चुका असतात. पानाला दोन बाजू असतात. भरतकामाची दुसरी बाजू वाचकाला दाखवायची की नाही?

४/
चौथा प्रश्न प्रदर्शनाचा, आणि तो सर्वांत अवघड. ग्रंथ काचेच्या पेटीत उघडून ठेवला तर एका वेळी दोनच पाने दिसतात. सर्व पाने दाखवायची तर ग्रंथ उसवावा लागतो. सतत उघडा ठेवला तर प्रकाशाने रंग उडतो, आणि उडालेला रंग अंधारात ठेवल्याने परत येत नाही. म्हणूनच संग्रहालयांत वस्त्रांवरचा प्रकाश सर्वसाधारणपणे ५० लक्सच्या आसपास ठेवतात. दालन इतके अंधुक का, अशी प्रेक्षकांची नेहमीची तक्रार असते. त्याचे कारण हे.

५/
यांतले जवळजवळ सगळे प्रश्न एकाच वस्तूच्या चरित्रात भेटतात. ती वस्तू म्हणजे फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकातील प्रसिद्ध चित्रपट्टी. तिला जग ‘टॅपेस्ट्री’ म्हणते, परंतु टॅपेस्ट्री मागावर विणतात. ही विणलेली नाही. तागाच्या (लिननच्या) कापडावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी केलेले हे भरतकाम आहे. विल्यम याने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले, त्याची ही कथा.

६/
लांबी सुमारे ६८ मीटर, उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. एवढे लांब कापड सलग विणलेले नाही. ते नऊ तुकडे जोडून केलेले आहे. म्हणजे ही नऊ लांबलचक पाने आहेत आणि त्यांची बांधणी एकावर एक न करता टोकाला टोक जोडून केली आहे. पान उलटण्याऐवजी वाचकाने स्वतः चालत पुढे जायचे, अशी ही वाचनपद्धती.

७/
या जोडांत कारागिरांच्या शिकण्याचा पुरावा टिकून आहे. पहिला आणि दुसरा तुकडा जेथे जोडला आहे, तेथे वरच्या किनारीची रेघ जुळत नाही. थोडी खालीवर झाली आहे. दोन्ही तुकडे आधी भरून मग जोडले असावेत, असे त्यावरून दिसते. पुढचे जोड इतके सफाईदार आहेत की ते शोधावे लागतात. ही चूक कोणाची झाली आणि ती सुधारली कोणी, त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत.

८/
ही पट्टी दाखवण्याची मूळ रीत काय होती? बायोच्या कॅथीड्रलच्या १४७६ च्या मालमत्ता-यादीत तिची नोंद आहे. पवित्र अवशेषांच्या उत्सवात काही दिवस ती चर्चच्या मध्यदालनाभोवती टांगली जाई. उरलेले वर्ष ती गुंडाळलेली असे. वर्षातून थोडे दिवस प्रकाश आणि बाकी काळ अंधार, हा नियम कोणा शास्त्रज्ञाने घालून दिलेला नव्हता. तो पंचांगाचा नियम होता. रंग इतकी शतके टिकले, याचे बरेचसे श्रेय त्याला द्यावे लागते.

९/
फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, सैन्याच्या गाड्यांवर आच्छादन म्हणून हे कापड बाहेर काढले गेले. लेओनार्द-लफोरेस्तिए नावाच्या स्थानिक वकिलाने ते सोडवले. पुढे १८०३-०४ च्या सुमारास नेपोलियनने ते पॅरिसला नेऊन लोकांना दाखवले. त्या वेळी तो स्वतः इंग्लंडवर स्वारी करण्याच्या तयारीत होता. जुने भरतकाम अशा रीतीने नव्या युद्धाचे जाहिरातपत्र झाले.

१०/
बायोला परत आल्यावर पट्टी रहाटासारख्या दंडगोलावर गुंडाळून ठेवली गेली. पाहुणा आला की कर्मचारी रहाट फिरवी आणि चित्रे एकामागून एक पुढे सरकत. प्रेक्षकाला ही सोय मोठी होती. कापडाला ती जाचक होती. प्रत्येक फेरीत तेच धागे ताणले जात, तीच कड हाताळली जाई. पट्टीचा शेवटचा भाग आज अस्तित्वात नाही. तो कधी गेला हे बाजूला ठेवले, तरी गुंडाळीचे टोकच नेहमी आधी झिजते, हे घरात सतरंजी वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

११/
लंडनच्या पुरावस्तू-मंडळाने चार्ल्स स्टोथार्ड या चित्रकाराला १८१६ मध्ये पट्टीची नक्कल करण्यासाठी पाठवले. त्याने अत्यंत बारकाईने चित्रे काढली. फाटलेल्या जागी सुईची भोके पाहून मूळ आकृत्या ओळखल्या. त्याच सुमारास पट्टीचा एक लहानसा तुकडाही इंग्लंडला पोहोचला, तो पुढे साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेला आणि नंतर बायोला परत करण्यात आला. अभ्यासकाचा हात नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही.

१२/
अखेर १८४२ मध्ये पट्टी काचेमागे कायमची मांडण्यात आली. रहाटाचा जाच संपला आणि प्रकाशाचा सुरू झाला. वर्षातील काही दिवसांऐवजी आता ती रोज दिसू लागली. एका उपायाने दुसरा अपाय ओढवून घ्यावा, हे या इतिहासात वारंवार घडते.

१३/
लांब पट्टीचा मार्ग चर्चला परवडत होता. खाजगी वाचकाला मात्र हातात मावणारा ग्रंथ हवा असे. तेथे मध्ययुगीन युरोपने निराळी तडजोड केली : आतील पाने चर्मपत्राची किंवा कागदाची, आणि भरतकाम फक्त वेष्टनावर. चौदाव्या शतकात अ‍ॅन फेल्ब्रिग नावाच्या जोगिणीकडे असलेल्या स्तोत्रग्रंथावर असे वेष्टन आहे. इंग्लंडमधील भरतकाम केलेल्या बांधणीचा हा सर्वांत जुना टिकलेला नमुना मानला जातो. पुढे अठराव्या शतकात नवी चामड्याची बांधणी करताना तिचे जुने भरतकाम त्या चामड्यात जडवून वाचवले गेले.

१४/
दुसरे प्रसिद्ध उदाहरण राजकन्या एलिझाबेथचे. १५४४ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, तिने एका फ्रेंच धार्मिक काव्याचा इंग्रजी अनुवाद स्वतःच्या हाताने लिहून सावत्र आई कॅथरिन पार हिला नववर्षाची भेट म्हणून पाठवला. निळ्या वेष्टनावर सोन्यारुप्याच्या तारांची गुंतागुंतीची नक्षी, मध्ये कॅथरिनची आद्याक्षरे, कोपऱ्यांत फुले. हे भरतकामही तिचेच, असे परंपरेने मानले जाते. ती प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

१५/
अशा वेष्टनांची अडचण उघड आहे. उठावदार टाके फडताळात शेजारच्या ग्रंथावर घासतात. म्हणून त्या काळी अशा ग्रंथांसाठी वेगळ्या कापडी पिशव्या शिवत. आणि त्या पिशव्यांवरही पुन्हा भरतकाम करीत! झाकण्यासाठी शिवलेली वस्तूच दाखवण्याची वस्तू होऊन बसते.

१६/
पाठीच्या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर हिमालयाच्या पायथ्याशी सापडते. चंबा संस्थानात तलम सुती कापडावर रेशमाने भरलेले ‘रुमाल’ लग्नकार्यात देवाणघेवाणीच्या वस्तूंवर झाकण्यासाठी वापरत. त्यांचा टाका ‘दोरुखा’, म्हणजे दोन मुखांचा. सुई अशी चालते की पुढे आणि मागे तेच चित्र त्याच सफाईने उमटते. गाठ कोठेच दिसत नाही.

१७/
दोरुखा भरतकाम खऱ्या अर्थाने पान आहे, कारण त्याला दोन वाचनीय बाजू आहेत. म्हणूनच ते दाखवणे अधिक अवघड. भिंतीवर अस्तर लावून टांगले तर अर्धे कसब लपते. त्याला दोन काचांमध्ये, भिंतीपासून दूर, प्रेक्षकाला भोवती फिरता येईल असे उभे करावे लागते. आणि तेव्हाही काच टाक्यांना टेकू नये यासाठी कडेने पट्टी द्यावी लागते.

१८/
एकोणिसाव्या शतकात भरतकामाचा ग्रंथ राजवाड्यातून शाळेत आला. आयर्लंडमधील राष्ट्रीय शाळांसाठी शिवणकाम व बेतणी यांचे एक मार्गदर्शक पुस्तक डब्लिन येथे १८३५ मध्ये निघाले. त्याच्या प्रतींत छापील सूचनांच्या सोबत आदर्श शाळेतील विद्यार्थिनींनी प्रत्यक्ष शिवलेले नमुने लावलेले आहेत : काजे, तुरपाई, रफू, चुण्या, आणि बोटभर लांबीचे सदरे व मोजे.

१९/
येथे बांधणीचे तत्त्व उलटे आहे. पान कागदाचे, कापड त्यावर पाहुणे म्हणून येते. कागद ताठपणा देतो, क्रम देतो, शेजारी सूचना छापता येते. ग्रंथ म्हणून ही रचना अतिशय उपयुक्त ठरली. आपल्याकडील शिवणवर्गांतील वह्या, ज्यांत मुली धावदोरा, साखळी टाका, काज यांचे नमुने चिकटवीत, त्या याच जातकुळीतल्या.

२०/
या वह्यांचे शत्रूही ठरलेले. खळीचा वास लागला की कसर येते. टाचणी गंजते आणि कापडावर तपकिरी भोक पडते. डिंक कालांतराने पिवळा होऊन टाक्यांतून वर येतो. ज्या वह्यांत नमुना चार कोपऱ्यांत दोऱ्याने टाचला होता, त्यांना हे भोग कमी भोगावे लागतात. कापडाला कापडाचाच उपाय मानवतो, हा धडा संग्रहालयांनी या साध्या वस्तूंकडूनही घेण्यासारखा आहे.

२१/
त्या लघुसदऱ्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. पुस्तकावर शाळेचे नाव आहे, मुद्रकाचे नाव आहे. सदरा शिवणाऱ्या मुलीचे नाव सहसा नाही. तिचे काम जिवंत, हातात धरता येईल असे समोर आहे, ती नाही.

२२/
इंग्लंडमधील लीक या गावच्या स्त्रियांनी अर्ध्या शतकानंतर हा नियम मोडला. तेथील भरतकाम-मंडळाच्या संस्थापक एलिझाबेथ वॉर्डल यांनी बायोच्या पट्टीची पूर्ण आकाराची प्रतिकृती करायचे ठरवले. तीसहून अधिक स्त्रियांनी १८८५-८६ मध्ये ती पुरी केली. लोकरीचे धागे वनस्पतिजन्य रंगांत रंगवले ते त्यांचे पती थॉमस वॉर्डल यांनी. भारतातील टसर रेशीम रंगवण्याच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले तेच हे वॉर्डल.

२३/
या प्रतिकृतीत प्रत्येक स्त्रीने आपण भरलेल्या भागाखाली आपले नाव टाक्यांनी लिहिले आहे. मूळ पट्टी करणारे हात आठशे वर्षे अनाम राहिले. नक्कल करणाऱ्यांना नावे मिळाली. प्रदर्शनासाठी ती ठिकठिकाणी फिरली आणि १८९५ पासून रेडिंग शहराच्या मालकीची आहे.

एक गंमतही नोंदवावी. साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडून आलेल्या चित्रांत मूळच्या नग्न आकृत्या आधीच ‘सभ्य’ केलेल्या होत्या. त्यामुळे लीकच्या पट्टीत एका नग्न पुरुषाला चड्डी चढली!

२४/
अशाच एका ‘सभ्यीकरणाची’ आठवण विसाव्या शतकातील शिल्पकार लुईझ बूर्ज्वा (१९११-२०१०) सांगत असत. पॅरिसजवळ त्यांच्या घरच्यांचा जुन्या टॅपेस्ट्री दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता. आई झोझेफीन कार्यशाळा सांभाळी. संकोची ग्राहकांसाठी ती बालदेवदूतांचे गुह्यांग कापून काढी व त्या जागी फूल विणून भरी. फाटलेल्या टॅपेस्ट्रीतील नाहीशी झालेली पावले पुन्हा चितारून देण्याचे काम लहानग्या लुईझकडे असे.

२५/
१९३८ मध्ये लग्न करून लुईझ न्यूयॉर्कला गेल्या. सोबत आद्याक्षरे भरलेले तागाचे रुमाल-पंचे होते. ते त्यांनी आयुष्यभर जपले. वयाच्या नव्वदीनंतर, २००२ मध्ये, त्या जुन्या पंचांची पाने करून त्यांवर आपल्याच जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून त्यांनी एक कापडी ग्रंथ केला. नाव ठेवले ‘ओद आ लूब्ली’, म्हणजे विस्मृतीचे स्तोत्र.

२६/
या ग्रंथाची बांधणी हा या साऱ्या इतिहासातला बुद्धिमान टप्पा आहे. डाव्या कडेला प्रत्येक पानाला काजे केली आहेत आणि त्यांतून बंद ओवून पाने बांधली आहेत. शिवण नाही, डिंक नाही. बंद सोडला की पाने सुटी. पुन्हा ओवला की ग्रंथ. सदऱ्याला घालायचे काज पानाला घातले आणि चौथा प्रश्न सुटला : ग्रंथ न उसवता सर्व पाने भिंतीवर रांगांत लावता येऊ लागली. २००४ मध्ये याच रचनेची २५ प्रतींची आवृत्तीही निघाली.

२७/
तरीही काही हरवतेच. भिंतीवर मांडलेली पाने एकदम दिसतात. एकामागून एक येत नाहीत. पान उलटताना बोटांना लागणारा जुन्या पंचाचा मऊपणा, मागच्या पानाचा भार, पुढे काय येईल याची उत्सुकता, हे काचेच्या चौकटीत मावत नाही. कापडी ग्रंथ स्पर्शासाठी केलेला असतो आणि संग्रहालयाचा पहिला नियम ‘स्पर्श करू नये’ हा असतो. हा पेच काजांनीही सुटत नाही.

२८/
आता पुन्हा बायोकडे. १९८२-८३ मध्ये पट्टीचे अस्तर काढले गेले तेव्हा मागची बाजू नीट पाहता आली, आणि तेथे रंग अधिक ताजे आढळले. इतके दिवस जिला लपवण्याची बाजू मानले, तिनेच मूळ रंगांची साक्ष राखून ठेवली होती. भरतकाम भिंतीला किंवा पुठ्ठ्याला कायमचे चिकटवू नये, यासाठी एवढे एक उदाहरण पुरे.

२९/
२०२० च्या जानेवारीत आठ वस्त्रसंवर्धकांनी पट्टीची इंच न् इंच तपासणी केली. नोंदी अशा : २४,२०४ डाग, १६,४४५ सुरकुत्या, ९,६४६ ठिकाणी कापड वा टाके नाहीसे, आणि ३० फाटलेल्या जागा आधाराविना. उभे टांगलेले कापड स्वतःच्याच वजनाने ताणले जाते. म्हणून नव्या संग्रहालयात तिला कलत्या आधारावर ठेवण्याची योजना आहे.

३०/
या कामासाठी बायोचे संग्रहालय १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाले. त्याआधी जुलैमध्येच, सप्टेंबर २०२६ पासून पट्टी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाहण्यासाठी उसनी देण्याची घोषणा झाली होती. फ्रान्समधील अनेक जाणकारांनी प्रवासाच्या कंपनांनी धागे तुटतील म्हणून विरोध केला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, इंग्लंडमधील हातांनी केलेली मानली जाणारी ही वस्तू तेथील लोकांनी एकदा तरी प्रत्यक्ष पाहावी. दोन्ही बाजूंना या कापडाविषयी खरा जिव्हाळा आहे, हीच यातली अडचण.

३१/
महाराष्ट्राचा या कथेशी संबंध ‘रुमाल’ या शब्दाने येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद चौकोनी कापडांत बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्यालाच ‘रुमाल’ म्हणतात. संशोधक आजही रुमाल क्रमांकानेच कागद मागवतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर ज्या निवडी ४५ खंडांत छापल्या, त्या अशाच रुमालांतून निघालेल्या. बंगालमध्ये ग्रंथ व मौल्यवान वस्तू गुंडाळण्यासाठी जुन्या साड्यांच्या थरांवर टाके घालून ‘बोस्तानी’ नावाचा कांथा करतात; आपल्या गोधडीचीच ती नक्षीदार बहीण.

३२/
पोथीचे बासनही त्याच कुळातले. बासन चारी बाजूंनी हवा खेळू देते, धूळ अडवते, प्रकाश थोपवते, आणि गाठ सोडली की पोथी संपूर्ण मोकळी होते. डिंक नाही, खिळा नाही, आणि गेलेली गाठ पुन्हा मारता येते. आज संवर्धक ज्या गुणाला सर्वाधिक मान देतात तो हाच : केलेले परत उलटवता आले पाहिजे.

३३/
घरात कोणाच्या भरतकामाचे तुकडे ट्रंकेत पडून असतील, तर या इतिहासातून निघणारे व्यवहार असे. मोठे असेल तर जाड नळीवर, टाके बाहेरच्या बाजूला ठेवून, मधे आम्लविरहित मऊ कागद घालून सैल गुंडाळावे. घडी घालू नये. ग्रंथ करायचा तर कडेला पट्टी द्यावी आणि काजे करून बंद ओवावा. चिकटवू नये, टाचावे. चौकट करायची तर काच टाक्यांपासून दूर ठेवावी. भिंतीवर काही महिने, मग अंधारात विश्रांती. आणि झाकण्यापूर्वी मागच्या बाजूचे एक छायाचित्र जरूर घ्यावे.

३४/
सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव. कोणी भरले, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे एका कापडी पट्टीवर साध्या धावदोऱ्याने लिहून कडेला टाचावे. बायोच्या कारागिरांना आणि डब्लिनच्या मुलींना जे मिळाले नाही, ते लीकच्या स्त्रियांनी दोन ओळींच्या टाक्यांत मिळवले.

३५/
मराठीत ‘बासनात गुंडाळणे’ याचा अर्थ आज एखादी गोष्ट कायमची बाजूला सारणे असा झाला आहे. बासन बांधणाऱ्याच्या मनात तसे काही नव्हते. पुढच्या वाचकाला ती पोथी सोडता यावी, म्हणून तो ती गाठ मारत असे.

(थ्रेड समाप्त)